उणे वीसमध्ये गाडी रोज सकाळी अडते तेव्हा : स्पिती-लडाखला निघालेल्या महाराष्ट्र पासिंगच्या गाड्यांसाठी

तक्रार नेहमी एकाच साच्यातली असते. काल संध्याकाळी स्पितीतल्या काझाला पोचेपर्यंत गाडी मस्त चालत होती. आज सकाळी सातपासून सेल्फ मारतोय, घेत नाही. अकराच्या सुमारास ऊन चढल्यावर चालू झाली, मग दिवसभर काही कुरकुर नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. अशा वेळी एक जण सांगतो बॅटरी बदला, दुसरा सांगतो डिझेल जमलंय, रॉकेल टाका, तिसरा म्हणतो धक्का मारा. थंडीने कावलेला माणूस तिन्ही करून बघतो आणि त्यातलं एखादं गाडीला कायमचं बाधतं.

सकाळी अडणारी आणि दुपारी सुधारणारी गाडी बहुतेक वेळा बिघडलेली नसते. तुटलेला पार्ट उन्हाने जोडला जात नाही. उन्हाने फरक पडतो तो गाडीतल्या द्रवांना : डिझेल, इंजिन ऑइल, कूलंट आणि बॅटरीतलं ॲसिड. हे सगळं भरताना पुण्या-नाशिकचं हवामान धरलेलं असतं. म्हणून कुणी विचारलं की मी गाडी कुठली हे नंतर विचारतो. आधी विचारतो, शेवटचं डिझेल कुठे भरलं आणि रेडिएटरमध्ये काय आहे? गाडी अडते काझात, पण अडायचं कारण ती घरूनच घेऊन आलेली असते.

इथे लिहितोय ते मुख्यतः शिमला, रामपूर, रेकाँगपिओ, नाको, ताबो, काझा या रस्त्याबद्दल. मनालीकडच्या रस्त्यावरची 'कुंझुम ला' ही खिंड हिवाळ्यात बंद असल्यामुळे काझाला जायला तोच एक मार्ग उरतो. लेहमध्ये राहणाऱ्यांनाही हेच लागू. शिवाय ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनालीहून सिस्सू-केलाँगलाही भर हिवाळ्यात आपल्याकडच्या गाड्या जातात. काझाला जानेवारीत रात्री पारा उणे वीसच्या खाली उतरतो, लेहला उणे पंधराच्या आसपास असतो. त्यात ही गावं तीन हजार मीटरच्या वर, काझा आणि लेह तर साडेतीन हजारांच्या आसपास. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश उरतो. डिझेल इंजिन दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर पेटतं. हवाच विरळ आणि वर बर्फागत थंड, म्हणजे पहिला पेट घेणं दुप्पट अवघड.

आधी सेल्फ मारणं थांबवा आणि ऐका

एका वेळी आठ-दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि दोन प्रयत्नांच्या मध्ये निदान एक मिनिट जाऊ द्या. त्या मिनिटात स्टार्टर निवतो आणि थंड बॅटरी थोडी सावरते. सलग सेल्फ मारत राहिलं की वीस मिनिटांत बॅटरी उतरते. मग मूळ दुखणं डिझेलचं असलं तरी आता दोन दुखणी झाली.

चावी फिरवल्यावर काय ऐकू येतं यावरून अर्धं निदान होतं. काहीच आवाज नाही, डॅशबोर्डही काळा, तर बॅटरी पूर्ण झोपली आहे किंवा टर्मिनल निसटलंय. बटण-स्टार्टच्या गाडीत डॅशबोर्ड उजळतोय पण गाडी चावी ओळखत नाही, असं असेल तर रिमोटमधला सेल थंडीने दबलाय. बऱ्याच गाड्यांत चावी थेट स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबलं की काम होतं. जागा गाडीगणिक बदलते, मॅन्युअलमध्ये दिलेली असते. रात्री चावी खिडकीत ठेवू नका, अंथरुणात ठेवा.

भराभर 'कट्-कट्-कट्-कट्' येत असेल तर बॅटरीत लाइट लावण्याइतका जीव आहे, स्टार्टर ओढण्याइतका नाही. बॅटरीला दोष देण्याआधी दोन्ही टर्मिनल हाताने पिळून बघा. जरा जरी हललं तर दहा नंबरचा पाना घ्या आणि आवळा. वर पांढरट-हिरवी पूड साचली असेल तर खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवा आणि कोरडं पुसा, नाहीतर तेच पाणी पाच मिनिटांत गोठतं.

'घुर्रर… घुर्रर…' असं दमलेलं, ओढत फिरणारं इंजिन म्हणजे बॅटरी थंड आणि ऑइल घट्ट, बहुधा दोन्ही. एकच 'टक्' होऊन सगळं शांत झालं किंवा बेल्ट किंचाळला, तर मात्र पुन्हा चावी फिरवू नका. खाली कूलंटचं लिहिलंय ते आधी वाचा.

आणि इंजिन जोमाने फिरतंय पण पेट घेत नाही, तर बॅटरीचा विषय सोडून द्या. आता एकाला मागे सायलेन्सरपाशी उभं करा आणि सेल्फ मारा. पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, पण जळत नाहीये. संशय सिलिंडर आधी तापवणाऱ्या हीटर प्लगवर. धूर अजिबात नाही म्हणजे डिझेल पोचतच नाहीये, संशय फिल्टरवर. एवढ्या साध्या पाहणीने लोकांचे तासन्‌तास वाचतात, आणि नेमकं हेच कुणी करत नाही.

गाडी चालू होते, दोन-तीन मिनिटं थरथरत चालते आणि मरते, हा प्रकार तर जवळजवळ नक्की डिझेल जमल्याचा. नळीत आणि फिल्टरच्या पुढे जे डिझेल शिल्लक होतं त्यावर ती चालली. नवीन डिझेल फिल्टरमधून येईना, तशी बंद पडली.

डिझेल : सगळ्यात जास्त गाड्या इथेच अडतात

डिझेलमध्ये मेण असतं. थंडीत ते आधी गढूळ होतं, मग त्यात मेणाचे कण धरतात, आणि शेवटी ते वाहायचंच थांबतं. डिसेंबरच्या पहाटे बाटलीत थिजलेलं खोबरेल तेल आठवा, जवळपास तसंच. पण गाडी अडायला अख्खी टाकी थिजावी लागत नाही. टाकीत डिझेल हलताना दिसतं, म्हणून माणूस म्हणतो डिझेल तर पातळच आहे. फिल्टरची जाळी इतकी बारीक असते की मेणाचे पहिले कणच ती बुजवतात. अशा सकाळी फिल्टर खोलून बघितला तर कागदाच्या घड्यांवर पिवळसर पांढरा थर दिसतो. नखाने खरवडला तर निघतो, आणि चिमटीत धरला तर बोटांच्या उबेने विरघळून नुसतं डिझेल उरतं. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढचा उपाय सांगावा लागत नाही.

आता आकडे. भारतीय मानकाप्रमाणे डिझेलने फिल्टर बुजवू नये याची हमी हिवाळ्यात ६ अंशांपर्यंत आणि उन्हाळ्यात १८ अंशांपर्यंतच आहे. शून्याच्या वरचे ६ आणि १८. प्रत्यक्षात पंपावरचं डिझेल यापेक्षा बरंच चांगलं निघू शकतं, पण हमी तेवढीच. दुसरं म्हणजे मानकाच्या हिशेबात हिवाळा नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चमध्ये पंपांवर उन्हाळी डिझेल यायला लागतं, तेव्हा काझाच्या रात्री अजून उणे दहाला असतात. त्यामुळे जानेवारीत जाऊन आलेल्या मित्राला काही त्रास झाला नाही, आणि मार्चच्या मध्याला गेलेल्या तुमची गाडी अडली, तर त्यात नवल काही नाही. ऑक्टोबरच्या शेवटालाही हीच अडचण. होळीची सुट्टी जोडून निघणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं.

वर मिळणारं डिझेल वेगळं असतं. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं, पानिपत रिफायनरीत बनलेलं, उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं. त्याआधी तिथल्या ड्रायव्हर मंडळींचे हिवाळे कसे जात असतील ते त्यांच्याच तोंडून ऐकावं. तुम्ही जाल त्या पंपावर आत्ता विंटर डिझेल आहे का, हे भरण्याआधी विचारा. पंपावरच्या माणसांना या प्रश्नाची सवय असते, ते खरं सांगतात.

टाकीचा हिशेब त्यावरून करायचा. खालून टाकी काठोकाठ भरून नेणं ही आपली सवय, मी इथे उलटं सांगतो. स्पितीला जाताना रेकाँगपिओच्या खाली पोवारीला पंप आहे. त्यानंतर काझापर्यंत भरवशाचं काही नाही असं धरून चाला. पोवारीला काझापर्यंत पोचून वर थोडं उरेल एवढंच भरा आणि काझात पोचल्या पोचल्या, संध्याकाळीच, टाकी तिथल्या डिझेलने भरा. सकाळी भरू म्हणाल तर सकाळी पंपापर्यंत जाणार कशी? भरल्यावर लगेच गाडी उभी करू नका, आठ-दहा किलोमीटर चालवा, म्हणजे नळीत आणि फिल्टरमध्ये नवं डिझेल जाऊन बसेल. टाकी भरलेली असली की आत बाष्प धरून पाणी साचायलाही जागा राहत नाही. खालून निघण्याआधी फिल्टरच्या तळाचं पाणी मात्र काढून घ्याच. मेणाआधी तेच पाणी गोठतं आणि लक्षणं हुबेहूब जमलेल्या डिझेलची दिसतात.

अँटी-जेलची (डिझेल जमू नये म्हणून टाकीत घालायच्या औषधाची) बाटली नेणार असाल तर ती डिझेल पातळ असताना, शक्यतो पोवारीलाच टाकीत घाला आणि वरून डिझेल भरा. मेण धरल्यावर ती घालून उपयोग नाही. ती कण मोठे होऊ देत नाही, झालेले कण विरघळवत नाही.

जमलंच आहे, तर काय? बॉनेट उघडा, डिझेल फिल्टर शोधा आणि त्याला ऊब द्या. यासाठी आपल्या घरोघरी असते ती रबराची गरम पाण्याची पिशवी सर्वांत चांगली. होमस्टेमध्ये उकळतं पाणी मिळतं. पिशवी भरा, फिल्टरला टेकवा, वरून शाल गुंडाळा, वीस मिनिटं जाऊ द्या, पाणी बदला, पुन्हा वीस मिनिटं. पिशवी नसेल तर फिल्टरभोवती फडकं गुंडाळून त्यावर संथ धारेने गरम पाणी सोडा. वायरचे कनेक्टर भिजवू नका आणि शेवटी सगळं कोरडं करा. मग फिल्टरपाशी डिझेल पुढे ढकलायचा हातपंप असेल तर तो घट्ट लागेपर्यंत दाबा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाडीत सेल्फ न मारता तीन-चार वेळा इग्निशन चालू-बंद करा, म्हणजे डिझेल पुढे सरकेल. नंतरच सेल्फ. यानेही नाही झालं तर नळ्यांतही मेण आहे आणि ऊन येईपर्यंत थांबण्यावाचून उपाय नाही. जाताना एक नवा फिल्टर सोबत ठेवा. वर तुमच्या मॉडेलचा मिळेलच असं नाही, आणि फिल्टर हातात असला की तिथला कुणीही मिस्त्री अर्ध्या तासात बदलून देतो.

रॉकेल घालू नका. जुन्या ट्रकांच्या पंपांना ते खपून जायचं, म्हणून हा सल्ला अजून फिरतो. आजच्या कॉमन-रेल (फार मोठ्या दाबाने डिझेल फवारणाऱ्या) गाडीत हाय-प्रेशर पंपाला वंगण डिझेलच पुरवतं आणि रॉकेलात ते गुण कमी. त्यातलं गंधक बीएस ६ गाडीच्या धूर-शुद्धीकरणाच्या भागांना घातक आहे. आपल्या डिझेलमध्ये ते दहा लाखांत दहा भागांवर आणून ठेवलंय ते उगाच नाही. इंजेक्टर आणि पंपाचं काम निघालं की अख्ख्या सहलीच्या खर्चाएवढं बिल होतं.

आणि टाकीखाली जाळ कधीही करू नका. स्टोव्ह, ब्लो-लॅम्प, तव्यावरचे निखारे, सगळं बघायला मिळतं. लोखंडी टाकीच्या जुन्या ट्रकखाली पिढ्यान्‌पिढ्या चाललेली ही पद्धत आहे. तुमच्या गाडीची टाकी बहुधा प्लास्टिकची आहे, शेजारी ब्रेकच्या आणि डिझेलच्या नळ्या आहेत, आणि जवळ अग्निशमन दल नाही. मदतीला आलेला माणूस आपुलकीने जाळ पेटवायला निघाला तरी नम्रपणे, पण ठाम नाही म्हणा.

हीटर प्लग

पांढरा धूर दिसला, वास डिझेलचा आला, तर डॅशबोर्डवरचा कॉइलचा दिवा आठवा. पुण्यात तो पेटला न पेटला तोच विझतो, म्हणून आपल्याला त्याच्याकडे बघायची सवय नाही. उणे पंधरात तो विझेपर्यंत थांबायचं, चावी बंद करायची, पुन्हा ऑन करायची, पुन्हा विझू द्यायचा. असं तीनदा करून मग सेल्फ. एखादा प्लग गेलेला असला तर खाली कळतसुद्धा नाही. वर गाडी तीन सिलिंडरवर थडथडत उठते आणि मिनिटभराने सुरळीत होते. निघण्याआधीच्या सर्व्हिसिंगमध्ये 'हीटर प्लग आणि रिले तपासा' असं वेगळं लिहून द्या. सांगितलं नाही तर कुणी तपासत नाही.

बॅटरी

महाराष्ट्रात तीन वर्षं विनातक्रार चाललेली बॅटरी वर पहिल्याच रात्री झोपते. बॅटरीचं आयुष्य खातो तो आपला उन्हाळा, थंडी ते फक्त उघडं पाडते. उणे अठराला चांगल्या बॅटरीचीही ताकद निम्म्याच्या आसपास येते आणि त्याच वेळी घट्ट ऑइलमुळे इंजिन फिरवायला दुपटीहून जास्त जोर लागतो. तीन वर्षांच्या पुढची बॅटरी असेल तर लोड टेस्ट (ताण देऊन तपासणी) करून घ्या, आणि नवी घेताना नुसते अँपिअर-तास बघू नका, थंडीतला स्टार्टिंग करंट किती लिहिलाय ते बघा. त्याला सीसीए म्हणतात आणि तो उणे अठरालाच मोजतात.

स्वस्तातला मल्टिमीटर सोबत ठेवा. सकाळी काहीही चालू करण्याआधी बॅटरीवर लावा. १२.६ व्होल्टच्या वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली असेल तर सेल्फ मारण्यात अर्थ नाही. रोज रात्री चांगली आणि रोज सकाळी उतरलेली दिसली, तर रात्रभर काय चालू असतं ते शोधा. हल्ली निम्म्या वेळा तो पार्किंग मोडवरचा डॅशकॅम निघतो, नाहीतर ट्रॅकर, नाहीतर बाहेरून बसवलेला अँप्लिफायर.

उतरलेली बॅटरी गोठते हे फार लोकांना माहीत नसतं. पूर्ण चार्ज बॅटरीतलं ॲसिड उणे पन्नासच्याही खाली तग धरतं. पार उतरलेल्या बॅटरीत उरतं ते जवळजवळ पाणी, आणि ते उणे सात-आठलाच गोठतं. डब्याची बाजू फुगलेली दिसली, तडा दिसला, किंवा हलवल्यावर आत द्रव हलल्यासारखं वाटलं नाही, तर तिला जंप (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीचा आधार) लावू नका, चार्जरही लावू नका, फुटू शकते. काढून उबदार जागी पूर्ण वितळू द्या, आणि तडा असेल तर फेकायलाच द्या.

जंप लावायचा क्रम पाठ असावा. लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचा काळा अडलेल्या गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. मग चांगली गाडी दहा मिनिटं चालू ठेवा आणि नंतर सेल्फ मारा. काढताना उलट क्रम. ॲक्सेसरीच्या दुकानात मिळणाऱ्या बारीक वायरच्या केबल डिझेल इंजिनाला पुरत नाहीत, हाताला चटका बसेल इतक्या तापतात. जाड तांब्याच्या घ्या. लिथियमचा जंप-स्टार्टर नेत असाल तर तो रात्री गाडीत ठेवू नका. थंड झाला की त्याचाच जीव जातो.

धक्का स्टार्टचा विचार बर्फावर करू नका. चाक घसरतं, इंजिन फिरत नाही, आणि उतार घाटाचा असतो. बॅटरी पूर्ण मेलेल्या आजच्या गाडीत संगणकच जागा होत नाही, त्यामुळे धक्का वाया जातो. ऑटोमॅटिकला तर प्रश्नच नाही.

कूलंट : इथे चूक झाली तर गाडी ट्रकवर परत येते

आपल्याकडे रेडिएटरमध्ये कमी झालं की बाटलीतलं पाणी ओततात. वर्षभरात अर्धं-अधिक पाणीच झालेलं असतं. पाणी गोठताना फुगतं आणि रेडिएटर, वॉटर पंप, वेळ आली तर इंजिन ब्लॉकही तडकवतं. निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं गोठू न देणारं रसायन) आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर हे मिश्रण उणे पस्तीसच्या आसपासपर्यंत पुरतं. एक तृतीयांश ग्लायकॉल असेल तर उणे अठरापर्यंतच, म्हणजे काझाला अपुरं. जास्त ते चांगलं म्हणून निव्वळ ग्लायकॉल घालू नका, ते उणे तेराच्या सुमारास गोठतं. तयार मिश्रणाच्या बाटलीवर किती उण्यापर्यंत चालतं ते छापलेलं असतं. ते वाचा आणि त्यात वर पाणी घालू नका.

घरच्या घरी तपासायचं असेल तर गाडी थंड असताना टाकीतलं थोडं कूलंट छोट्या प्लास्टिकच्या बाटलीत घ्या, झाकण घट्ट लावून, चिठ्ठी चिकटवून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. घरचा फ्रीझर उणे अठराच्या आसपास असतो. सकाळी आत बर्फाचा चुरा दिसला तर ते कूलंट स्पितीला चालणार नाही. कूलंट विषारी आहे, त्यामुळे मुलांपासून जपा आणि बाटली नंतर फेकून द्या.

वर सकाळी संशय आला तर कूलंटची टाकी हलवून बघा आणि रेडिएटरची रबरी नळी दाबून बघा. आत कचकच लागली किंवा नळी दगडासारखी कडक झाली असेल तर इंजिन फिरवू नका. ज्या गाड्यांत वॉटर पंप टायमिंग बेल्टवर चालतो तिथे गोठलेल्या पंपावर सेल्फ मारणं म्हणजे बेल्टचे दात उडवणं. ऊन येऊ द्या, सगळं मोकळं झाल्यावर गळती बघा, मगच चावी.

ऑइल, पेट्रोल, सीएनजी

ऑइलच्या डब्यावर 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीचा. १५ डब्ल्यू ४० ची थंडीतली चाचणी उणे वीसला होते, १० डब्ल्यूची उणे पंचविसाला, ५ डब्ल्यूची उणे तीसला. जुन्या गाडीत २० डब्ल्यू ५० असेल तर वर जाण्याआधी बदला. मॅन्युअलमध्ये तुमच्या इंजिनाला चालणाऱ्या ग्रेड दिलेल्या असतात, त्यातली सर्वांत पातळ घ्या, बाहेरची नको.

पेट्रोल या थंडीत गोठत नाही. पेट्रोलची गाडी अडली तर दहापैकी नऊ वेळा बॅटरीकडेच बघायचं. पुन्हा पुन्हा सेल्फ मारून पेट्रोलचा वास यायला लागला असेल तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि पाच सेकंद सेल्फ मारा. बहुतेक गाड्यांत त्या वेळी पेट्रोल बंद होऊन प्लग कोरडे होतात. सीएनजीवाल्यांनी टाकीत भरपूर पेट्रोल ठेवावं, कारण बहुतेक गाड्या पेट्रोलवरच उठतात, आणि वर सीएनजी मिळत नाही. महिनोन्‌महिने पेट्रोलवर चालवलेली नसेल तर निघण्याआधी दोन दिवस नुसत्या पेट्रोलवर फिरवा.

रात्रीची तजवीज

वाऱ्याने गाडी हवेपेक्षा जास्त थंड होत नाही, पण फार लवकर थंड होते. म्हणून भिंतीच्या आडोशाला लावा आणि नाक पूर्वेकडे ठेवा, पहिलं ऊन बॉनेटवर यायला हवं. हँडब्रेक ओढू नका, ओल्या केबल आणि लायनर गोठून चिकटतात. गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावा. डॅशकॅम आणि चार्जर काढा. शक्य असेल तर बॅटरी काढून खोलीत न्या, आधी मायनस सोडायचा. स्थानिक ड्रायव्हर हेच करतात. बुखारीला (खोली तापवायच्या शेगडीला) चिकटून ठेवू नका आणि बंद खोलीत चार्ज करू नका. कॅनडात, अमेरिकेच्या मिनेसोटात राहणारे आपले लोक रात्री गाडीला विजेचा ब्लॉक-हीटर लावून झोपतात. आपल्या गाड्यांत तो नसतो आणि काझात रात्रभर वीज राहील याची खात्री नाही, म्हणून आपला आधार गरम पाण्याची पिशवीच.

रात्री दर तीन तासांनी उठून दहा मिनिटं गाडी चालू ठेवायची, असंही सांगितलं जातं. तेवढ्यात बॅटरीतून गेलेलं भरून येत नाही, आयडलवर डिझेल इंजिन धड तापतही नाही. आणि चालू गाडीत झोपणं तर कधीच नको. सायलेन्सर बर्फात बुजला की कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

सकाळी ब्लोअर, लाइट, रेडिओ बंद. क्लच पूर्ण दाबा, गिअरबॉक्सचं ऑइलही घट्ट असतं. हीटर प्लग तीनदा, आठ सेकंद सेल्फ, मिनिटभर थांबा. असे तीन प्रयत्न झाले की पुढचा प्रयत्न उन्हानंतरच. त्यामुळे दिवस आखताना निघायची वेळ अकराची धरा. सकाळी सहाला निघायचंच या हट्टापायी गाड्यांची जेवढी नासधूस होते तेवढी थंडीनेही होत नाही. चालू झाल्यावर लगेच रेस करू नका, दोन-तीन मिनिटं शांत चालू द्या, मग हळू चालवत तापवा.

परत खाली आल्यावर डिझेल फिल्टर बदला, तळाचं पाणी काढा आणि बॅटरीची पुन्हा लोड टेस्ट करा. पूर्ण उतरून गोठायच्या बेतात गेलेली बॅटरी पुढच्या उन्हाळ्यात दगा देते. निम्म्या ग्लायकॉलचं कूलंट तसंच राहू द्या, ते आपल्या उन्हाळ्यातही उपयोगीच पडतं. टाकीत उरलेलं विंटर डिझेल काढायची गरज नाही, ते चालवून संपवा.